राखून ठेवलेला साक्षीदार

माझ्या लग्नाच्या स्वागतसमारंभात सरांनी नवऱ्याचा गुडघा मोजला. हातातला गुच्छ माझ्याकडे दिला, खिशातून शिंप्याची टेप काढली, "एक मिनिट हं, हलू नका," म्हणत स्टेजवरच खाली वाकले आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचं माप घेऊन पुन्हा उभे राहिले. फोटोग्राफरने नेमकं तेवढ्यात बटण दाबलं. अल्बममध्ये तो फोटो आहे. सासरच्या मंडळींना वाटतं, हे गृहस्थ भलतेच नम्र, थेट नवरदेवाच्या पाया पडले. तो गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही.

सरांचं म्हणणं असं, की माणसाला आपली उंची ठाऊक असते, वजनही ठाऊक असतं (बायका सांगत नाहीत, तो भाग निराळा), पण आपला गुडघा जमिनीपासून किती वर आहे हे विचारा, सगळे आ वासून बघत राहतात. आणि रस्त्यावर गाडीने धडक दिली तर तिची आणि आपली पहिली ओळख तिथेच होते. बंपर गुडघ्याशी लागतो, पाय उडतात, अंग बॉनेटवर आडवं होतं आणि शेवटी डोकं आपटतं. कुठे आपटतं, त्यावर माणूस घरी जातो की नाही हे ठरतं. पत्र्याच्या मध्यभागी आपटलं तर पत्रा दबतो आणि डोकं वाचू शकतं. काचेखालच्या बिजागरीवर आपटलं, तर तिथे दबण्यासारखं काही नसतं. हे सगळं सर कुणालाही, कुठेही सांगत. एकदा तर पोळ्या वाढायला आलेल्या वाढप्याला पंगत खोळंबून ठेवून सांगितलं होतं.

आमची संस्था नगर रस्त्यावर, येरवड्याच्या पुढे होती. मी सदाशिव पेठेतून बसने जायची. बसमध्ये कुणी विचारलं आणि मी नुसतं "येरवड्याला" म्हटलं, की लोक जरा सरकून बसत. संस्थेचं काम मोटारगाड्यांच्या चाचण्या करण्याचं. त्यातही आमचा विभाग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाचसहा माणसांचा, सर त्याचे प्रमुख, आणि आमचा विषय गाडीच्या आतला माणूस नव्हे तर बाहेरचा. संगणकात आम्ही माणूस उभा केला होता. हाडं, स्नायू, सांध्यांचे बंध, सगळं लाखो बारीक तुकड्यांत मांडलेलं. त्याला संगणकातल्याच गाडीने धडक द्यायची आणि त्याचं काय काय मोडतं ते बघायचं. मोबाइल तेव्हा नुकते लोकांच्या हातात आले होते आणि एक धडक पुरी व्हायला संगणकाला दोन दोन दिवस लागत. धडक शुक्रवारी लावून घरी जायचं आणि सोमवारी येऊन माणूस पडला का ते बघायचं, अशी आमची नोकरी. आई ओळखीपाळखीच्यांना मी "कॉम्प्युटरमध्ये" आहे एवढंच सांगे. धडकेचं सांगितलं असतं तर स्थळं आली नसती.

त्या संगणकातल्या माणसाला सर 'पाहुणे' म्हणत. "पाहुणे आले का?" म्हणजे धडकेचं गणित पुरं झालं का. त्याच्याविषयी एकेरी बोललेलं त्यांना चालत नसे. मी पहिल्याच आठवड्यात "हा पडला बघा" म्हणाले, तर म्हणाले, "पडले. आपल्या घरी कुणी जिन्यावरून पडलं तर 'हा पडला' म्हणता का आपण?" आमच्या घरी तसंच म्हणतात हे सांगायची ती वेळ नव्हती.

सरांचं घराणं पुण्यातलं जुनं मुसलमान घराणं. वडिलांचं रविवार पेठेत शिलाईचं दुकान होतं आणि टेप तिथूनच आलेली. सर बोलायचे ते मात्र असं मराठी, की आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तरांनीही जरा जपून बोलावं. एका दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले. आईने चकली पुढे केली आणि कौतुकाने म्हणाली, "किती शुद्ध बोलता हो तुम्ही मराठी!"

"आमची सहावी पिढी आहे पुण्यात," सर चकली मोडत म्हणाले. "आपण कधी आलात?"

"आम्ही... म्हणजे आमचे सासरे आले. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे."

"अस्सं. मग रुळलात का इथे?"

आईने चकल्यांच्या डब्याला झाकण लावलं. सरांनी मग टेप काढली आणि तिच्या गुडघ्याची उंची विचारली. "माझे गुडघे दुखतात," ती म्हणाली, "तेवढं लिहून घ्या." ते दोघं त्या दिवसापासून एकमेकांना मानायला लागले. पुण्यात मैत्री जुळायची ही एक रीतच आहे.

आता आमच्या कामातली खरी मेख सांगते. संगणकातला माणूस खऱ्या माणसासारखाच पडतो, हे ठरवायचं कसं? जिवंत माणसाला तर धडक देता येत नाही. परदेशात काही लोकांनी मरणानंतर आपला देह अशा कामासाठी दिलेला असतो. त्या देहांवर पूर्वी केलेल्या चाचण्यांचे आलेख आम्ही रीतसर परवानगीने मिळवले होते. डोकं कसं खाली आलं, मांडीवर किती जोर पडला, अशा एकेका गोष्टीचा एकेक आलेख. खऱ्या चाचण्यांच्या रेषांचा मिळून एक पट्टा तयार होई आणि आमच्या पाहुण्याची रेषा त्या पट्ट्यात राहिली पाहिजे. दोन रेषा किती जुळतात याचे गुणसुद्धा संगणक देई. आमच्या डायरेक्टरांना त्या गुणांचं फार वेड. सकाळी आले की पहिला प्रश्न, "किती गुण जुळले?"

"छत्तीस गुण जुळलेलं एक जोडपं आमच्या शेजारी राहतं," सर म्हणायचे. "भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं."

कारण गुण जुळवून घेता येतात, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. रेषा पट्ट्याबाहेर गेली की स्नायू थोडा कडक करायचा, बुटाचं घर्षण थोडं कमी करायचं, की रेषा निमूटपणे आत येते. सगळीकडे थोडंफार हे चालतंच. सरांना ते खपत नसे. प्रत्येक चाचणीला ते 'साक्षीदार' म्हणत. "साक्षीदाराला पढवलं की त्याचा पोपट होतो. मग तो कोर्टात आपण शिकवलेलंच बोलतो, आणि आपण म्हणतो, बघा, कसं खरं निघालं!" ज्या चाचणीचा आलेख समोर ठेवून पाहुण्याला घडवलं, तिच्याशी तो जुळला म्हणून खरा ठरत नाही. खरी परीक्षा न पाहिलेल्या चाचणीवर. म्हणून आलेख हाती आले तेव्हाच सरांनी स्वतः न बघता एका चाचणीचे बाजूला काढून कपाटात बंद केले. गाडीचा वेग किती, ती व्यक्ती उभी कशी होती, हात कसे होते, एवढंच आम्हाला सांगितलं. पुढे काय झालं ते सीडीत, सीडी पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात.

प्रश्न किल्लीचा होता. सर म्हणाले, "माझ्याकडे नको. माझा माझ्यावर विश्वास नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या आईंकडे ठेवा. एकदा आत ठेवलेली वस्तू त्या सहजासहजी बाहेर काढत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. चकल्याही मोजून दिल्या होत्या."

अशी एका संशोधन संस्थेच्या कपाटाची किल्ली आमच्या देवघरात, गंगेच्या गडूशेजारी जाऊन बसली.

संपत आमच्या विभागातला दुसरा इंजिनिअर. लोणी काळभोरहून मोटारसायकलवर यायचा. खरी बॉनेटं टेबलावर बांधून त्यांवर डोक्याच्या आकाराचा गोळा सोडायचं काम त्याच्याकडे. त्याचं गाव सोलापूर रस्त्याने मधोमध कापलेलं. अर्धी घरं इकडे, शेतं आणि कॉलेजं तिकडे. सरांनी एकदा आम्हा दोघांना घेऊन तिथे मुक्काम ठोकला, म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहायचं आणि लोक रस्ता कसा ओलांडतात ते बघायचं. मी मनात चरफडत होते. ऊन होतं, आणि एवढं शिकून मी रस्त्यात उभी होते.

तेवढ्यात संपतची चुलती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. एक हात भाऱ्याला, दुसरा हात सरळ वर, पंजा ट्रककडे. ट्रककडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ट्रक करकचून थांबला आणि ती आपल्या चालीने पलीकडे गेली. सर धावतच तिच्या मागे गेले.

"बाई, आपण हात का दाखवता?"

"हात दावल्यावर थांबत्यात की," ती म्हणाली. "न थांबून जात्यात कुटं?"

"आणि नाही थांबला तर?"

तिने सरांकडे नीट पाहिलं. मग संपतला विचारलं, "ह्ये तुजं सायेब हाय? बरं हाय न्हवं?"

त्या दुपारी परतीच्या वाटेवर सर वहीत हातांची चित्रं काढत होते. मग म्हणाले, "परदेशातले साक्षीदार बहुतेक सगळे हात पुढे बांधलेले. आपल्याकडे हात बांधून रस्ता कोण ओलांडतो? हात वर, अंग गाडीकडे वळलेलं. आपल्या पाहुण्यांना हात मोकळा पाहिजे." हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. हाताने काय मोठा फरक पडणार, असं मी संपतला म्हणालेही. तो म्हणाला, "मला काय इचारताय, चुलतीला इचारा."

त्यानंतर वर्षभराने ती गाडी आली. एका कंपनीची नवी छोटी गाडी, मध्यमवर्गीय घरांना परवडेल अशी, म्हणजे रस्त्यावर हजारोंनी येणारी. बॉनेट कागदावर तयार होतं आणि पत्रा दाबायच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायला टाकायच्या होत्या. डाय एकदा बनल्या की बॉनेटचा आकार बदलणं म्हणजे कंपनीच्या गळ्याला फास. त्याआधी आमच्या पाहुण्याने सांगायचं होतं, की हे बॉनेट चालेल. आमच्या गणितात डोकं पत्र्याच्या मधोमध पडत होतं. उत्तम. उघड्या चाचण्यांशी गुण भरपूर जुळले होते. फक्त सर सही करेनात. "राखून ठेवलेला साक्षीदार बोलल्याशिवाय नाही," एवढंच.

डायरेक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, ही गाडी हातची गेली तर वरचे लोक तुमची शेड बंद करतील. मी थांबवू शकणार नाही. ती सीडी आधी गुपचूप उघडा. जुळत असेल तर छानच. नसेल जुळत, तर थोडं जुळवून घ्या आणि मग सगळ्यांसमोर उघडा. सरांना कशाला कळायला हवं?"

माणूस दुष्ट नव्हता. शेड वाचवायचीच त्याची धडपड होती, आणि शेडमध्ये माझी नोकरी होती, संपतची होती. मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे नाही, आईकडे आहे." त्यांनी माझ्यादेखत आमच्या घरी फोन लावला. पलीकडून आईचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

"किल्ली ज्यांनी ठेवलीय त्यांनी यावं."

"अहो, मी त्यांचा वरिष्ठ आहे."

"असाल. मी त्यांच्याकडून घेतलीय, तुमच्याकडून नाही."

"बाई, कामाचा प्रश्न आहे."

"दुपारची वेळ आहे," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. एक ते चार आमच्या पेठेत साक्षात देव आला तरी त्याला चारनंतर यायला सांगतात, हे डायरेक्टरांना माहीत नसावं. ते मूळचे नागपूरचे.

शेवटी सर्वांसमोर उघडायचं ठरलं. गाडीच्या कंपनीचे चीफ इंजिनिअर आले. उंच, कमी बोलणारे, चहाला नको म्हणणारे. सरांनी आमच्या पाहुण्याचं भाकीत आधी भिंतीवर चिकटवलं, की नंतर कुणाला हलवता येऊ नये. या साक्षीदाराचे हात बांधलेले नव्हते, कोपरात वाकवून पुढे धरलेले होते. आम्ही पाहुण्याचे हातही तसेच ठेवले होते. मग मी सीडी घातली आणि खरा आलेख पडद्यावर आणला.

गुडघा जुळला. मांडी जुळली. कंबर जुळली. डायरेक्टरांनी खुर्चीत जरा मागे रेलून घेतलं. आणि मग डोक्याची रेषा आली, ती भाकितापासून सरळ दूर निघून गेली. आमच्या पाहुण्याचं डोकं पत्र्यावर पडून मोकळं झालं, तरी खऱ्या चाचणीतलं डोकं अजून हवेतच होतं, आणि आपटलं ते बरंच मागे, काचेच्या बुडाशी.

शेड गेली, असंच मला वाटलं.

सर उठून पडद्याजवळ गेले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. पुन्हा खाली. चीफ इंजिनिअर माझ्याकडे प्रश्नार्थक बघायला लागले आणि मी छताकडे.

"वडील कोटाची ट्रायल घ्यायचे," सर पडद्याकडेच बघत म्हणाले, "तेव्हा गिऱ्हाइकाला आधी हात वर करायला लावायचे. नुसतं उभं राहिलं की सगळेच कोट छान बसतात. हात वर केला की बगल ओढते की नाही ते कळतं." ते वळले. "यांची बगल शिवलेली आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फार पूर्वी, संगणक फारच धिमे होते तेव्हा, वेळ वाचावा म्हणून पाहुण्याचा दंड बरगड्यांना चिकटवून टाकला होता. त्या वेळच्या सगळ्या चाचण्यांत हात पुढे बांधलेले, त्यामुळे काहीच बिघडलं नाही. पुढे संगणक जलद झाले, पण ते शिवलेलं तसंच राहिलं. संपतच्या गावाहून आल्यावर आम्ही कोपर हलतं केलं होतं, म्हणून सगळे हात मोकळाच आहे असं धरून चाललो होतो. खऱ्या देहाचा दंड मात्र अंगाखाली येऊन पत्र्यावर टेकला होता, खांदा उचलला गेला होता, आणि त्यामुळे डोकं उशिरा आणि मागे पडलं होतं.

"हे शिवलं कुणी?" चीफ इंजिनिअरांनी विचारलं.

"मी," सर म्हणाले. "शिंप्याच्या मुलाने."

डायरेक्टर कळवळून म्हणाले, "सर, हे आत्ता इथे सांगायची काही गरज होती का? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं!"

"मग कधी सांगायचं? कुणाच्या तरी कपाळाला टाके पडल्यावर?"

मला त्या क्षणी सरांचा इतका अभिमान वाटला, की नोकरी गेली तरी चालेल असं मी मनाशी म्हणूनही टाकलं. घरी गेल्यावर ते वाक्य जरा महाग वाटलं, पण तेव्हा खरंच वाटलं होतं. पंचवीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या रेषा तपासल्या, त्याने आपलीच चूक परक्या माणसासमोर, भिंतीवर आपलाच कागद चिकटवून, उघडी केली. आणि चेहऱ्यावर चक्क आनंद होता. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा.

चीफ इंजिनिअर पडद्याजवळ आले. "म्हणजे आमच्या गाडीवर डोकं मधोमध पडणार नाही."

"हात मोकळा असेल तर नाही. मागे. आपल्या बिजागरीजवळ."

त्यांनी भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी डाय थांबवतो. हे दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?"

"शिंप्याला विचारतात तसं विचारू नका," सर म्हणाले. "शिंपी नेहमी खोटं सांगतो."

चीफ इंजिनिअर हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. आणि म्हणाले, "मग चहा घेऊ."

डायरेक्टरांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. ते म्हणाले, "दुरुस्त कराल, पण दुरुस्त झालं हे ठरवणार कशावर? हा साक्षीदार तर आता बोलून गेला. आता हाच समोर ठेवून हात सोडवणार, म्हणजे हाही पोपटच." सरांच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यावर त्यांनाही थोडं कळायला लागलं होतं. सरांनी कपाटाच्या तळातून दुसरं पाकीट काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा आत ठेवलं. कापड बेतताना शिवणीत थोडी माया ठेवतात, पुढे कपडा उसवून मोठा करायची वेळ आली तर, एवढंच ते म्हणाले. हे दुसरं पाकीट आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. किल्ली पुन्हा आमच्या देवघरात गेली.

पुढचे काही महिने आम्ही बगल उसवत होतो. दंड सुटा केला तर खांदा निखळल्यासारखा लोंबायचा. खांदा घट्ट केला तर पुन्हा पहिल्यासारखं. डॉक्टरांच्या पुस्तकांतून खांद्याचे बंध एकेक करून नव्याने मांडले. संपत शेडमध्ये हात वरखाली करत हिंडायचा आणि "सर, हितं वडतंय" म्हणून दाखवायचा. गवंडी, टपरीवाला, पोस्टमन, जो दिसेल त्याला सर हात वर करायला लावत. आमच्या शेडपुढे रोज पोलिसांची धाड पडल्यासारखं दृश्य असायचं. मी सरांवर तेव्हा चिडायचेही. दुरुस्त केलेलं काम ते तिसऱ्यांदा उसवायला लावत आणि वर "आपण दमलात का?" असं आदराने विचारत. त्या आदराने तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसरं पाकीट उघडायच्या दिवशी किल्ली घेऊन आई स्वतः आली. रिक्षाने, थेट सदाशिव पेठेतून. "इतके दिवस सांभाळलं ते काय आहे, ते मला बघायचंय," ती म्हणाली. चीफ इंजिनिअर, डायरेक्टर आणि आई एका ओळीत बसले. भाकीत भिंतीवर लागलं. सर मात्र खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. आपल्याच हाताने उसवलेलं आपणच पहिल्यांदा बघू नये, असं काहीतरी म्हणाले. जाता जाता त्यांनी टेप काढून दाराची चौकट दोनदा मोजली, ते मी पाहिलं.

मी आलेख आणला. छातीची रेषा भाकिताभोवती आखलेल्या पट्ट्याच्या किंचित बाहेर गेली. आणि डोक्याची रेषा आली ती पट्ट्यातून, थोडी वर, थोडी खाली होत, शेवटपर्यंत आतच राहिली. मी दार उघडून नुसती मान हलवली. सर आत आले, पडद्यासमोर उभे राहिले, आणि पहिला प्रश्न त्यांनी केला तो छातीच्या रेषेविषयी.

"कोण होत्या या?" आईने मधेच विचारलं. चाचणीच्या कागदावर 'स्त्री' असं होतं, ते तिने वाचलं होतं.

"नाव देत नाहीत," सर म्हणाले. "वय, उंची, वजन, एवढंच. वय बरंच होतं. उंची आपल्याइतकी."

आईने पडद्याकडे बघून हात जोडले. चीफ इंजिनिअरांनीही पेन खाली ठेवलं. ज्या बाईंना आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, ज्यांची भाषा आम्हाला कळली नसती, त्यांनी आपलं शरीर मागे ठेवलं म्हणून आम्ही तिथे काहीतरी खरं बोलू शकत होतो. सरांनी त्या कागदाखाली तारखेसकट पूर्ण सही केली.

नव्या भाकिताप्रमाणे कंपनीने बिजागरी खाली आणि बाजूला घेतली, पत्रा आणि आतल्या भागात थोडी जागा सोडली, मग डाय टाकल्या. शेड बंद झाली नाही. उलट शेडवर पत्र्याऐवजी स्लॅब आला, पण तोपर्यंत सर निवृत्त झाले होते.

गाडी बाजारात आली तेव्हा त्यांचा मला फोन आला. "बघायला येता का?" आम्ही शोरूममध्ये गेलो. गाडी लाल होती, फुलांचा हार घातलेली. सर दाराकडे गेलेच नाहीत, समोरून गेले. बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या बुडाशी, अंगठा टेकवून त्यांनी जोर दिला. पत्रा हलकासा खाली गेला आणि परत वर आला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग त्याच जागी तळवा ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

टाय लावलेला एक तरुण विक्रेता लगबगीने आला. "सर, आत बसून बघा ना! टेस्ट ड्राइव्ह देतो. गाडी कुणासाठी हवीय? स्वतः चालवणार की ड्रायव्हर?"

"मला गाडी चालवता येत नाही," सर म्हणाले.

"मग सर, मागे बसणार?"

"नाही हो," सरांनी बॉनेटवरचा हात न काढता सांगितलं. "मी समोरून येणारा."